धुतलेला ठसा

रावसाहेबांनी प्रूफ हातात घेतलं तेव्हा ते खुशीत होते. मुलाच्या लग्नाची पत्रिका होती. ती त्यांनी वरून खाली वाचली, मग हात लांब करून नुसती पाहिली. वरच्या गणपतीवर बोट ठेवलं.

"झकास उतरलाय. ठसा नांदेडहून आनला का, अण्णा?"

"नाही, इथंच कोरला."

"कोनी कोरला?"

अण्णा छापखान्याचे मालक. त्यांनी उत्तर द्यायच्या आत मी आतल्या खोलीतून बाहेर आलो. दुसरं प्रूफ वाळत घालायचं होतं. माझ्या बोटांना शाई होती आणि खिशात कोरणी. रावसाहेब आमच्याच गावचे. गाव कुरुंद्याच्या पलीकडचं. माझे आई-बाप त्यांच्या हळदीच्या रानात राबत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू किसनचा न्हवं?"

"व्हय."

"तू कोरला का ह्यो गनपती?"

 मी होय म्हणून मान हलवली.

रावसाहेबांनी प्रूफ टेबलावर ठेवलं. फेकलं नाही. नीट, कडेला लावून ठेवलं. मग खांद्यावरच्या उपरण्याला बोटं पुसली. शाई कधीच वाळलेली होती. त्यांच्या बोटांना काहीही लागलेलं नव्हतं.

"पयली पत्रिका कुलदैवतापुढं ठिवायची असती, अण्णा. तुमाला काय सांगायचं?"

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "रावसाहेब, तो नुसता हात आहे. डोकं माझं. मी सांगतो तसं तो कोरतो. कोरणीनं कोरलं काय, त्यानं कोरलं काय, एकच."

मी तिथेच उभा होतो. कोणी मला जा म्हटलं नाही. थांबही म्हटलं नाही. आतल्या खोलीत पायाने चालवायचं ट्रेडल मशीन चालू होतं, ते मशीनवरच्या हसनचाचांनी थांबवलं. मशीन थांबलं की छापखान्यात फार शांत होतं.

मी वीस वर्षांचाही नव्हतो. हे वसमतला घडलं. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलूख परभणीत मोडायचा. मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. त्या दुष्काळात माझी शाळा सुटली आणि मी बापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. खडीचे ढीग मोजून झाले की त्यांवर चुन्याने खूण करायची असे. मुकादमाच्या खुणा पुसट असायच्या. एकदा त्याने डबा माझ्या हातात दिला. मी प्रत्येक टोळीसाठी वेगळी खूण काढली. एकीला पान, एकीला विळा, एकीला चिमणी. बायांना वाचता येत नव्हतं, पण आपला ढीग लांबून ओळखू यायला लागला. ढिगावरून होणारी भांडणं थांबली. मुकादम म्हणाला, "पोराचा हात चांगला हाय."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागलं. हात चांगला आहे. शाळेतले चित्रकलेचे गुरुजीही हेच म्हणाले आणि त्यांनीच मला अण्णांकडे धाडलं. अण्णांनी माझी अक्षरं पाहिली, चित्रं पाहिली आणि म्हणाले, "हात चांगला आहे. राहा." टोळीला चिमणी द्यायची की विळा, हे हाताने ठरवलं नव्हतं. पण ते कोणी विचारलं नाही.

छापखान्यात मी आधी खिळे जुळवायला शिकलो. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलटं लावायचं. मग अण्णांनी हैदराबादेहून लिनोलियमचे तुकडे आणले. गुळगुळीत, जाड, मेणकापडासारखे. ते सरसाने लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचे आणि त्यावर चित्र कोरायचं. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवलं ते छापतं. चित्र उलटं कोरायचं, म्हणजे सुलटं उमटतं. हे हसनचाचांनी दाखवलं. चाचा मशीन चालवायचे. पायाने पट्टी दाबत, एका हाताने कागद घालत, दुसऱ्याने काढत. त्यांचं बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. मला ते आर्टिस्टसाब म्हणायचे. थट्टेनेच, पण दुसरं कोणी तेवढंही म्हणत नव्हतं.

"क्या आर्टिस्टसाब, आज कोन बन रहा? भगवान, या बैल?"

"बैल हाय चाचा. कडबाकुट्टीची जाहिरात."

"बैल को बराबर खिला-पिला के निकालो. मालक का बैल है, दुबला दिखा तो बिगड़ेंगे."

लोक पत्रिका छापायला यायचे, तेव्हा त्यांचं म्हणणं ठरलेलं असायचं. जरा सजवून द्या. भोवती नक्षी टाका. जागा सोडू नका, कागदाचे पैसे पडतात. त्यांना वाटायचं, मजकूर हेच काम आणि बाकी शोभा. हळदीकुंकवासारखी, वरून लावायची. अण्णांनाही तसंच वाटायचं. मलाही आधी तसंच वाटायचं.

ते वाटणं एका माणसामुळे बदललं. शिरड शहापूरकडचा होता. आमच्यातलाच, बौद्ध. मुलीची पत्रिका छापायला आला होता. छापून झाल्यावर घ्यायला आला आणि पत्रिका हातात धरून उभाच राहिला. वाचता येत नव्हतं त्याला. पण पाहत होता. पाहून झाल्यावर त्याने अण्णांना विचारलं, "वर आमचं कोनी न्हाई का?"

पत्रिकेच्या माथ्यावर फुलदाणीचा ठसा होता. साबणाच्या जाहिरातीतून उरलेला.

"तुमच्यात वर काय टाकतेत ते मला काय माहीत," अण्णा म्हणाले. "बुद्धाचा ठसा नाही माझ्याकडे. फुलं काय वाईट आहेत का?"

"वाईट न्हाईत," तो म्हणाला. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "खाली हे मोठं नाव कोनाचं?"

मी वाचलं. ते त्यांच्या गावच्या पुढाऱ्याचं होतं. अण्णा सगळ्यांच्याच पत्रिकेत गावच्या मोठ्या माणसाचं नाव जाड टायपात टाकायचे. रिवाज होता. मुलीचं नाव वर होतं, बारीक खिळ्यांत. तिच्या आईचं नाव नव्हतं.

"बरं," तो म्हणाला आणि पत्रिका पटक्याच्या घडीत ठेवून निघून गेला.

त्या दिवशी मी छापखान्यातल्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढला आणि शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. मजकूर सगळ्यांचा जवळपास सारखाच. आमच्या येथे अमुक कृपेकरून. पण डोळा कुठे आधी जातो, ते प्रत्येकीत वेगळं होतं. मोठ्या घरच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाभोवती मोकळी जागा होती. नाव ऐसपैस बसलेलं. आमच्या पत्रिकांत सगळी नावं खेटून, काठाला दाबून, जणू पंगतीत शेवटी बसवलेली. कोण आधी वाचलं जाईल, कोण मग, कोण कधीच नाही, हे कोणीतरी ठरवत होतं. खिळा उचलण्याआधी ठरवत होतं. ही शोभा नव्हती. ही गावाची बसण्याची रीत होती, कागदावर उतरलेली.

मी हे चाचांना सांगितलं. ते बिडी विझवत म्हणाले, "ये बात अण्णा को मत बोल. बोलेंगे, लड़का बिगड़ गया."

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. सुमन. माझ्या पाठची. चौथीपर्यंत शिकली होती, मग हळद खणायला गेली. वाचायची मात्र सगळं. किराणा बांधून आलेला कागद, खताच्या गोणीवरची अक्षरं, एसटीच्या पाट्या. आमच्या वस्तीत तोपर्यंत लग्नाला पत्रिका कोणी छापली नव्हती. तोंडी निरोप जायचा. बाप किंवा चुलता गावोगाव हिंडून सांगून यायचा.

सुमनने मला एकदाच विचारलं. चुलीपुढे बसली होती.

"भाऊ, तू समद्यायच्या पत्रिका करतूस. माझी व्हईल का?"

"व्हईल."

"नाव केवढं यील माझं?"

मी अंगठा आणि बोट ताणून दाखवलं.

"हॅट. एवढं कुठं असतंय. एवढं तर रावसाहेबाच्या घरी पन नसंल."

"तुझं तेवढंच यील."

माय तिकडून म्हणाली, "आन् माझं?"

"तुझं बी टाकतो."

"नको बाई," माय म्हणाली. "बायकाचं नाव कागदावर आलं की लोक काय म्हनतेत." पण हसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कुठं टाकशील?"

अण्णांना मी विचारलं. ते कबूल झाले. रावसाहेबांचं काम चांगलं करून दे, त्यांच्या पत्रिकेची लाल शाई मशीनवर असेल, तिच्यातच तुझ्या बहिणीच्या काढून घे. मी कबूल झालो. सुमनच्या पत्रिकेसाठी मी पिंपळाचं पान कोरलं. एकच पान, देठासकट, माथ्यावर मधोमध. भोवती काही नाही. खाली तिचं नाव. त्याखाली नवऱ्याचं. मग माय आणि बा, एकाच ओळीत, एकाच मापात. गावच्या मोठ्या माणसाचं नाव कुठेच नाही.

आणि त्याआधी रावसाहेबांची पत्रिका केली. मन लावून केली. त्यांच्या घराण्याची ओळख हळदीची, म्हणून काठाला तयार नक्षी टाकली नाही. हळदीच्या पानाच्या दोन रेघा काढल्या, लांब, वाकलेल्या. नावांची मोठ्या मापापासून बारीकपर्यंत उतरण लावली. जागा सोडली. गणपती डाव्या सोंडेचा, कारण उजव्या सोंडेच्या देवाचं सोवळं कडक असतं आणि लग्नघरात तो कोणी टाकत नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असावं लागतं.

त्याच पत्रिकेचं प्रूफ रावसाहेबांनी टेबलावर ठेवलं आणि बोटं पुसली.

पुढचं बोलणं माझ्यासमोरच झालं. मी नसल्यासारखं.

"आता काय करायचं मंग?" अण्णांनी विचारलं.

"करायचं काय? सुद्ध करून घ्या. गोमूत्र टाका, पान्यानं धुवा. आन् मंग ह्येनं हात लावू न्हाई त्याला." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "राग मानू नको बरं का पोरा. तुझा बाप चांगला मानूस हाय. पन देवाचं हाय हे."

रावसाहेब निघून गेले आणि अण्णांनी मला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. छापखान्याच्या मागेच त्यांचं घर होतं. ठसा आत गेला. मी ओट्यावरून आवाज ऐकला. बादली, तांब्या, मग पाणी. बराच वेळ पाणी. नंतर अण्णांनी तो ठोकळा पाटावर ठेवून अंगणात उन्हात ठेवला. माझ्यापासून चार-पाच हातांवर असेल. गणपतीचं तोंड आभाळाकडे. लाकडातून पाणी ठिपकत होतं.

मी ओट्यावर बसून एकच विचार करत होतो. तो विचार त्या दिवसापर्यंत मला कधीच आला नव्हता.

रावसाहेबांच्या घरी जी हळद नवऱ्या मुलाला लागणार होती, ती माझ्या मायने खणली होती, उकडली होती, गोणपाटावर घासून पिवळी केली होती. ती धुवायला कोणी सांगितलं नव्हतं. हळद चालते. त्यांच्या वाड्याच्या भिंतीचे दगड बाच्या बापाने वाहिले. दगड चालतात. ट्रेडल मशीन हसनचाचा चालवत होते, पत्रिकेचा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाणार होता. त्यांना कोणी काही विचारलं नाही. श्रम चालतात. हात चालतात. हात पूर्वीपासून चालत आलेत.

मग गणपती का चालला नाही?

अण्णा म्हणाले होते, हा नुसता हात आहे. मी नुसता हात असतो, तर ठसा धुवायची गरज नव्हती. त्यांनी धुतला, कारण त्यांना कळलं होतं. त्या रेघांत कोणीतरी आहे. सोंड कुठे वळवायची, डोळा किती मिटायचा, हे कोणीतरी ठरवलं आहे, आणि तो ठरवणारा चित्रात उरला आहे. माझ्या डोक्याची साक्ष पहिल्यांदा दिली ती रावसाहेबांनी. तांब्याभर पाण्याने दिली.

उन्हं कलताना ठसा मशीनवर चढवला. चाचांनी शाई लावली, कागद घातला, पट्टी दाबली. उमटला तो गणपती नव्हता. अर्ध्या बाजूला शाईचा गोळा, अर्ध्या बाजूला कोरा कागद. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. सरस सुटला होता. लिनोलियमचा एक कोपरा वर आला होता आणि मधला भाग बसला होता. चाचांनी खाली कागदाच्या पट्ट्या घालून पाहिलं. पुन्हा काढला. तोंड शाईत बुडून आलं.

"बाथ जास्ती हो गया देव को," चाचा हळूच म्हणाले.

अण्णांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "हे काय केलंस?"

"मी न्हाई काही केलं."

"काम कच्चं होतं तुझं. पक्का ठसा पाण्यानं बिघडत नाही."

  लाकूड पाण्याने फुगतं, हे अण्णांनाही माहीत होतं.

ते थोडा वेळ फिरले. मग जवळ आले आणि आवाज खाली आणला. हा आवाज मला आजही आठवतो. त्यात माया होती.

"हे बघ. दुसरा कोर. आत बसून कोर, कोणाला दिसू नको. रावसाहेबाला मी सांगतो, नांदेडच्या आर्टिस्टकडून आणला. त्याचंही समाधान, आपलंही काम. आणि उद्या तुझ्या बहिणीच्या काढून घे. काय?"

त्यांनी लिनोलियमचा नवा तुकडा टेबलावर ठेवला. शेजारी सुमनच्या पत्रिकेची गॅली होती, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायचं तबक. तिचं नाव मी सकाळीच जुळवलं होतं. उलटं, शिशात. पिंपळपान त्याच्या वर, जागेवर बसवलेलं. फक्त शाई लागायची होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय नाही?"

"कोरनार न्हाई."

"का?"

"तुमी म्हनले, डोस्कं तुमचं. मंग तुमीच कोरा."

अण्णा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि हसायचे थांबले.

"बहिणीच्या पत्रिकेचं काय मग?"

मी गॅलीकडे पाहिलं. उलटं नाव मला सुलट्यासारखंच वाचता यायचं. सुमन. तीन अक्षरं. ती रात्री माझी वाट पाहत असेल, पत्रिका आणली का विचारेल, हे मला माहीत होतं. माझ्या तोंडून हो निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातात ती असती. मोबदला काय, तर एक देव कोरायचा आणि मी कोरला नाही म्हणायचं. एवढंच.

"न्हाई," मी पुन्हा म्हणालो.

"विचार कर."

"केला."

अण्णांनी गॅली ओढली. पिंपळपानाचा ठसा काढून कपाटात ठेवला. "लिनो छापखान्याचा आहे," ते म्हणाले. मग सुमनचं नाव त्यांनी स्वतः मोडलं. रागाने नाही. जुळवलेला मजकूर छापून झाला की मोडतात तसंच. सु एका खणात, म एका खणात, न एका खणात. अक्षरं छापखान्याचीच होती.

मी खिशातली कोरणी टेबलावर ठेवली. तीही छापखान्याची होती. चाचा ओट्यापर्यंत आले.

"गुस्से में जा रहा क्या?"

"गुस्सा न्हाई चाचा."

"तो फिर मत जा."

"गुस्सा असता तं उद्या परत आलो असतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शर्टावर शाईची बोटं उमटली. पुढे कितीदा धुतला, गेली नाहीत.

घरी मी जे झालं ते सांगितलं. सगळं, क्रमाने. बा ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "एक गनपती कोरला असता तं काय बिगडलं असतं? मी जिंदगीभर त्यायच्या विहिरी खांदल्या. कोनी खांदली म्हनून कोनी नाव लिवतंय का विहिरीवर?"

"न्हाई लिवत."

"मंग? लेकरानं एक कागद मागितला व्हता."

तो बरोबर बोलत होता.  सुमन तव्यावर भाकरी टाकत होती. ती उलटवली, भाजली, टोपल्यात टाकली.

"जाऊ दे बा," ती म्हणाली. "तोंडीच सांगून या."

मी म्हणालो, "मी हातानं लिवून देतो. चांगली लिवतो. चित्र काढतो वर."

"नको. हातानं लिवलेलं नको." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला छापलेलं पायजे व्हतं."

बा दुसऱ्या दिवशी निघाला. हट्ट्याला गेला, शिरड शहापूरला गेला, जिथे जिथे आपली माणसं तिथे तोंडी सांगून आला. उन्हाने पाय सुजले. लग्न झालं. बुद्धाचा फोटो टेबलावर होता, मेणबत्त्या होत्या, लोक आले, जेवले. काही कमी पडलं नाही. सुमन गेली.

तिच्या लग्नाच्या आधी आठवडाभर रावसाहेबांच्या घरची पत्रिका आमच्या वस्तीत आली होती. आमंत्रणाची नव्हती. मांडव घालायला गेलेल्या एका माणसाने उरलेल्यातली एक खिशात घालून आणली होती. सुमनने ती घेतली आणि दाराशी उजेडात नेऊन वाचली. अक्षर अक्षर, मोठ्याने. मी शेजारी उभा होतो.

वर गणपती होता. अण्णांच्या कपाटातला जुना, झिजका, चांदीच्या दुकानाच्या जाहिरातीतला. तोंडही नीट दिसत नव्हतं. बाकी सगळं माझं होतं. हळदीच्या पानांच्या त्याच दोन रेघा. नावांची तीच उतरण. नवऱ्या मुलाच्या नावाभोवती मी सोडलेली तीच जागा, बोटभरही कमी नाही. त्यांनी गणपती बदलला आणि समजले, मी निघून गेलो. चित्र म्हणजेच काम, असं त्यांना वाटत होतं. मांडणी कोणीतरी करतं, मोकळी जागा कोणीतरी सोडतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून ती कोणी धुतली नाही. ती तशीच कुलदैवतापुढे गेली. तिच्यावर कुंकू पडलं, अक्षता पडल्या.

"चांगली हाय," सुमन म्हणाली. "वाचाया डोळ्याला तकलीफ व्हत न्हाई."

"हां."

"कोनी केली, भाऊ?"

तिला माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं की तिला माहीत होतं. तरी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी केली."

"कुठं लिवलंय?"

"लिवलं न्हाई कुठं."

तिने पत्रिका घडी न घालता माझ्या हातात दिली आणि आत गेली.

मला यात जिंकल्यासारखं कधी वाटलं नाही. माझी मांडणी देवघरात पोहोचली, हे लोक नंतर मला कौतुकाने सांगायला लावतात. पोहोचली ती मांडणी. तिच्या मागचा माणूस ओट्यावरच राहिला, आणि बहिणीचं नाव खणांत विखरून राहिलं. मला पश्चात्ताप झाला नाही. दुःख झालं. या दोन गोष्टी लोक एक समजतात. त्या एक नाहीत.

मी पुढे औरंगाबादला गेलो. एका वर्तमानपत्रात पानं लावायच्या कामाला लागलो. कोणती बातमी वर, कोणती खाली, कोणाचं नाव किती मापात, हे रोज ठरवायचं काम. तिथेही पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ लेख घेऊन आले आणि म्हणाले, "मजकूर मी दिलाय, तुम्ही फक्त जरा सजवा." चांगले, शिकलेले गृहस्थ होते. अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. अण्णांचाही नव्हता. रावसाहेबांनी तर राग मानू नको म्हणून सांगितलं होतं.

सुमनची पत्रिका कधी झाली नाही. होणारही नाही. लग्न एकदा लागतं आणि त्याचं आमंत्रण नंतर छापता येत नाही. तिला नातवंडं झाली आहेत. त्यांच्या आई-बापांच्या लग्नांच्या पत्रिका मी केल्या, त्यांत तिचं नाव आहे, पण कोणाची तरी आई म्हणून. स्वतःची म्हणून नाही. ती हे बोलत नाही. मीही बोलत नाही.

जरा सजवा म्हणणाऱ्या त्या गृहस्थांचा लेख मी त्यांच्याकडे परत सरकवला. पेन्सिल खाली ठेवली आणि त्यांना बसायला सांगितलं. म्हणालो, आधी मला विचारा की हे पान कसं वाचलं जावं. विचारणार नसाल, तर दुसरीकडे जा. ते गेले. पुढेही बरेच गेले. काही कामं हातची सुटली, काही माणसं तुटली. मी आवाज चढवला नाही आणि अट बदलली नाही.

माझं डोकं जिथे नको आहे, तिथे माझा हात मिळणार नाही.